‘शॅल’चं कर्ज कुणाच्या नावावर?



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांनी आम्हाला आठवीपासून इंग्रजी शिकवलं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘चेंज द व्हॉइस’ हे तीन शब्द वर्षभर लिहिलेले असत. शिपाई फळा पुसायचा तो तेवढा कोपरा सोडून. सर एकेकाला उभं करून वाक्य द्यायचे आणि आम्ही ते उलटं करायचं. कर्ता शेपटाकडे, कर्म डोक्याकडे, मध्ये ‘वॉज’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. एकदा माझ्या वाट्याला वाक्य आलं, ‘समवन हॅज स्टोलन माय पेन’. मी इमानेइतबारे लिहिलं, ‘माय पेन हॅज बीन स्टोलन बाय समवन’. सरांनी ‘बाय समवन’वर लाल रेघ ओढली.

“चोर सापडला का रे?”

“नाही सर.”

“मग त्याला पंगतीला कशाला बसवतोस?”

वर्ग हसला. मीही हसलो. पण पुढची तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना आणि निवृत्तीनंतर कायद्याच्या संध्याकाळच्या वर्गांना इंग्रजी शिकवताना ती लाल रेघ मला पुन्हा पुन्हा दिसत राहिली. आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘इंग्रजीतील मोडल क्रियापदे आणि कर्मणी रचना’. एवढ्या शीर्षकाला आपण एवढ्या संख्येने आलात याचं श्रेय सरांच्या पुण्याईला आहे, आणि थोडं व्याख्यानानंतरच्या बटाटेवड्यालाही असावं.

एका पत्रापासून सुरुवात करतो. निवृत्तीनंतर मी एका कचेरीत एक अर्ज केला होता. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण ती कुठलीही असू शकली असती. सात महिन्यांनी इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर आलं. त्यातली कामाची ओळ एकच, ‘युअर ॲप्लिकेशन कुड नॉट बी कन्सिडर्ड’. शिपायाने आणून दिलं तेव्हा मी चिडलो. मग चष्मा पुसला आणि शिक्षकाच्या सवयीने ते वाक्य सोलायला बसलो.

विचार करायचा होता साहेबांनी. वाक्यात साहेब नाहीत, हे झालं कर्मणी रचनेचं काम. आता ‘कुड नॉट’कडे बघा. ‘शकला नाही’. कोण शकला नाही? व्याकरणाने पाहिलं तर वाक्याचा उद्देश्य आहे माझा अर्ज. म्हणजे न शकण्याचा दोष बिचाऱ्या अर्जाच्या माथी. साहेबांचं नाव पुसलंच, वर त्यांची असमर्थताही अर्जाच्या खात्यावर चढवली! नुसती कर्मणी रचना असती, ‘वॉज नॉट कन्सिडर्ड’, तर निदान विचार झाला नाही एवढं तरी सरळ कबूल झालं असतं. ‘कुड’सारखं मोडल आणि कर्मणी एका वाक्यात आली की हा प्रकार घडतो. आजचं माझं सगळं बोलणं या जोडीबद्दल आहे.

आम्हाला शाळेत शिकवलं जायचं की व्हॉइस बदलला तरी अर्थ बदलत नाही. रामाने रावणाला मारलं काय, रामाकडून रावण मारला गेला काय, रावण मेला एवढं खरं. पण वाक्यात मोडल शिरलं की हा नियम ढासळतो. ‘द ऑफिसर वोन्ट सी द फार्मर्स’ हे वाक्य घ्या. अधिकारी शेतकऱ्यांना भेटायला तयार नाही. आता व्हॉइस बदला, ‘द फार्मर्स वोन्ट बी सीन बाय द ऑफिसर’. इंग्रज कानाला आता असंही ऐकू येतं की शेतकरीच अधिकाऱ्याला भेटायला राजी नाहीत. हट्ट एकाचा होता, तो दुसऱ्याच्या अंगावर गेला. ‘वोन्ट’ हे क्रियापद इच्छेचं आहे आणि वाक्यात जो पहिल्या जागेवर बसेल त्याच्या अंगात ती इच्छा संचारते. लंडनच्या भुयारी रेल्वेतली सरकत्या जिन्याजवळची पाटी प्रसिद्ध आहे, ‘डॉग्ज मस्ट बी कॅरीड’. म्हणायचंय इतकंच की कुत्रा बरोबर असेल तर त्याला उचलून घ्या. पण कर्ता नसल्यामुळे पाटी वाचून एखाद्याला वाटावं की कुत्रा काखेत असल्याशिवाय जिन्यावर पाऊल टाकायला मनाई आहे. या पाटीवर इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले आहेत. आपण तीच पाटी व्याकरणाच्या नजरेने वाचू. सक्ती आहे, पण ती कुणावर आणि कधी, हे वाक्य सांगत नाही. ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

आता ही मोडल क्रियापदं आली कुठून ते थोडं पाहू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही जुनी माणसं फार रंगीत आहेत. ‘कॅन’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘जाणणं’. आपलं ‘मला पोहता येतं’ याच वाटेने जातं, आधी विद्या आणि मग क्षमता. ‘मे’चा मूळ अर्थ बळ असणं, परवानगी नंतरची. ‘विल’ म्हणजे इच्छा, ती तर आजही मृत्युपत्राच्या नावात जिवंत आहे. ‘मस्ट’ची गंमत सगळ्यांत मोठी. ज्या क्रियापदाचं हे भूतकाळी रूप, त्याचा अर्थ होता मुभा असणं. मुभेची हळूहळू सक्ती झाली. ‘जेवून जायला हरकत नाही’ म्हणता म्हणता ‘जेवल्याशिवाय सोडणार नाही’वर येणाऱ्या मामीची आठवण होते. ही बहुतेक क्रियापदं मुळात भूतकाळी रूपं होती, म्हणून आजही ‘ही कॅन’ला शेवटी ‘एस’ लागत नाही. हे पोरांना घोकायला लावण्यापेक्षा ही गोष्ट सांगितली तर ती विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आणि ‘शॅल’? ‘शॅल’ म्हणजे देणं असणं. जुन्या इंग्रजीत एखाद्याचे पैसे देणं लागत असाल तर हेच क्रियापद. जर्मन भाषेत कर्जाला आणि अपराधाला जो एकच शब्द आहे, ‘शुल्ड’, तो याच घराण्यातला. पुढे इंग्रजांनी ‘शॅल’ला भविष्यकाळाच्या कामाला जुंपलं. 1653 साली जॉन वॉलिस यांनी लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात नियम दिला की प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे नुसतं भविष्य, इतर पुरुषी ‘शॅल’ म्हणजे वचन किंवा धमकी. ‘विल’चं नेमकं उलटं. या नियमाने पुढच्या कित्येक पिढ्यांचा जीव खाल्ला. एकोणिसाव्या शतकात बुडणाऱ्या आयरिश माणसाचा विनोद सांगत. तो पाण्यात गटांगळ्या खात ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’, आणि काठावरचे सुशिक्षित इंग्रज त्याचा अर्थ ‘मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवलंत तर’ असा घेऊन सभ्यपणे उभे राहतात. विनोद इंग्रजांनी आयरिश लोकांवर केला असला तरी मला तो काठावरच्या इंग्रजांवरचा वाटतो.

बोलण्यातून ‘शॅल’ आज जवळजवळ गेलं. कायद्यात मात्र ते ठाण मांडून बसलं आहे, आणि तेही आपल्या मूळ अर्थाने. ‘शॅल’ म्हणजे देणं. मग प्रश्न उरतो तो सावकारी चोपडीतलाच. देणं कुणाच्या नावावर?

त्याआधी आपल्या घरात डोकावू. मराठी मुलाला इंग्रजी पॅसिव्ह का जड जातं? कारण आपण त्याला ‘कर्मणी’ म्हणतो, आणि मराठीतला कर्मणी प्रयोग ही वेगळीच चीज आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. क्रियापद आंब्यामागे चालतं, आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, पेरू खाल्ले. पण राम कुठेही गेलेला नाही. तो वाक्याच्या दारातच ‘ने’ लावून उभा आहे. आमचा विद्यार्थी याचं भाषांतर ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असं करतो आणि शिक्षक चूक देतात तेव्हा गोंधळतो. त्याचं काय चुकलं? आपल्याकडे इंग्रजी पॅसिव्हच्या खऱ्या जवळचं रूप म्हणजे ‘आंबा खाल्ला गेला’, ज्याला व्याकरणाची पुस्तकं ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, आणि कचेरीतलं लाडकं ‘खाण्यात आला’.

आपल्या व्याकरणकारांनी कर्मणीचे जे पोटभेद केले, त्यांतले दोन मला फार आवडतात. एक ‘शक्य कर्मणी’. ‘आजीच्याने आता जिना चढवत नाही.’ इथे इंग्रजीचं ‘कॅनॉट’ आणि कर्मणी रचना एकाच क्रियापदात मुरली आहेत, आणि तरी आजी जिन्याच्या पायथ्याशी स्पष्ट दिसते. न शकणं कुणाचं आहे याबद्दल शंकाच नाही. माझ्या अर्जाचं उत्तर या प्रयोगात आलं असतं तर ‘साहेबांच्याने विचार करवला नाही’ असं लिहावं लागलं असतं! दुसरा भेद ‘पुराण कर्मणी’. करिजे, बोलिजे, म्हणिजे अशी जुन्या मराठीतली रूपं. त्यांतलं ‘म्हणिजे’ आज ‘म्हणजे’ होऊन आपल्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात हजर असतं. आणि ‘पाहिजे’? तेही त्याच कुळातलं. ‘पाहणं’चं जुनं कर्मणी रूप. ‘चहा पाहिजे’ म्हणजे चहा पाहिला जातो, शोधला जातो. ‘अभ्यास केला पाहिजे’ या आपल्या सगळ्यांत दणकट मोडलच्या पोटात एक जुनी कर्मणी रचना निजलेली आहे. म्हणजे मी आज ज्या जोडीबद्दल बोलतोय, तिचा संसार मराठीत कधीच थाटलाय. फक्त आपण ‘मला’, ‘मी’, ‘आजीच्याने’ म्हणून माणसाला वाक्यात ठेवतो. इंग्रजीच्या कर्मणी रचनेत माणूस ऐच्छिक आहे. ठेवला तर ‘बाय’ लावून, नाहीतर नाही.

या ऐच्छिकपणामुळे पॅसिव्हची बदनामी झाली. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 च्या राजकारण आणि इंग्रजी भाषेवरच्या निबंधात सांगून टाकलं की ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नये. पुढे कुणीतरी मोजलं तर त्याच निबंधात साधारण पाचातली एक रचना पॅसिव्ह निघाली. राजकारण्यांनी तर या रचनेचं सोनं केलं. इराणला शस्त्रं पुरवल्याचं प्रकरण अंगाशी आलं तेव्हा 1987 च्या जानेवारीत अध्यक्ष रेगन अमेरिकी काँग्रेससमोर गंभीर चुका झाल्या असं बोलले. चुका ‘झाल्या’ होत्या, कुणी केल्या नव्हत्या. असली उदाहरणं दाखवून पॅसिव्हला झोडपणं सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं, आणि त्यासाठी मी तुम्हाला महाडला घेऊन जाणार आहे.

1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला. त्या इंग्रजी ठरावाचा गाभा असा की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य वर्गांना ‘बी अलाउड टू यूज’. वापरू दिल्या जाव्यात. ठराव मंजूर झाला. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सगळं कागदावर झालं आणि तळ्याकाठी काहीच झालं नाही. ‘बी अलाउड’ या दोन शब्दांकडे बघा. वापरू दिलं जावं. कुणी द्यावं? बाय हूम? देणाऱ्याची जागा रिकामी होती, आणि त्या जागेवर गावातले सवर्ण आधीपासूनच बसलेले होते. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. ‘पाणी प्यायलं’. कर्ता ठळक, क्रियापद सकर्मक, कुणाच्या ‘अलाउ’ करण्याची वाट न पाहता. मग मार बसला, खटले झाले, तळ्याच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून यायला 1937 उजाडलं.

हे मी का सांगतोय? कारण ‘बी अलाउड’चा हा अनुभव घेतलेला माणूस वीस वर्षांनी घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, आणि त्या मसुद्यात कुठे कर्ता ठेवायचा, कुठे नाही, ‘शॅल’ कुठे आणि ‘मे’ कुठे, हे शब्द-शब्द तपासून ठरलं.

घटनेचं कलम 14 इंग्रजीत उघडा. ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय’. कर्ता आहे, राज्यसंस्था. देणेकरी नावानिशी हजर. कलम 15 चा पहिला भागही तसाच, राज्यसंस्था भेदभाव करणार नाही. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, स्नानघाट येतात आणि राज्यसंस्था वाक्यातून निघून जाते. कुणाही नागरिकावर निर्बंध असणार नाही, एवढंच. कुणी घातलेले? कुणीही घातलेले. महाडच्या तळ्यावरचा निर्बंध सरकारने घातलेला नव्हता, गावाने घातलेला होता. कर्ता म्हणून ‘स्टेट’ लिहिलं असतं तर गाव सुटलं असतं. इथे कर्त्याची रिकामी जागा म्हणजे पळवाट नाही, जाळं आहे. ज्याचा पाय पडेल तो अडकेल.

कलम 21 असंच. ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड’. जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य यांपासून कुणाला वंचित केलं जाणार नाही. करणारा कोण ते लिहिलेलं नाही. गंमत म्हणजे त्याच वाक्यात पुढे ‘बाय’ आहे, ‘एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’. कार्यपद्धती कुणी घालून दिलेली हवी ते सांगितलं, वंचित कुणी करायचं नाही ते मोकळं सोडलं. या मोकळ्या जागेचा प्रश्न कोर्टात रेंगाळत राहिला. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अस्पृश्यता, वेठबिगारी आणि बालमजुरी यांवरची कलमं खाजगी माणसांविरुद्धही लागू आहेत असं म्हटलं. 2023 च्या जानेवारीत कौशल किशोर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने कलम 19 आणि 21 चे हक्क सरकारेतर व्यक्तींविरुद्धही मागता येतील असं सांगितलं. वकील मंडळी याची कारणं अनेक सांगतील आणि ती बरोबरही असतील. व्याकरणाचा शिक्षक म्हणून मी एवढंच म्हणेन की ‘बाय हूम’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला पंच्याहत्तर वर्षं पुरली नाहीत.

मराठी वाचकासाठी एक बारीक अडचण इथेच सांगून टाकतो. घटनेच्या मराठी प्रतीत ‘शॅल नॉट डिनाय’ला ‘नाकारणार नाही’ आहे. ‘शॅल बी डिप्राइव्ह्ड’च्या नकाराला ‘वंचित केले जाणार नाही’. कायद्याच्या मराठीत हे रूढ आहे आणि चुकीचं नाही. पण आपल्या कानाला ‘करणार नाही’ हे शपथेसारखं लागतं, पोरगा ‘पुन्हा करणार नाही’ म्हणतो तसं. इंग्रजी ‘शॅल’मधला देणेकऱ्याचा वास तिथे विरून जातो. दक्षिण आफ्रिकेने 1996 च्या घटनेत ‘शॅल’ सोडून सरळ ‘मस्ट’ घेतलं. आपण ‘शॅल’ ठेवलं, आणि कोर्टांना त्याच्यामागे पळायला लावलं.

कसं पळावं लागलं ते ‘शॅल बी कन्सल्टेड’ या तीन शब्दांत दिसतं. कलम 320 म्हणतं की सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोग ‘शॅल बी कन्सल्टेड’, सल्ला घेतला जाईल. 1957 साली उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव या खटल्यात सल्ला नीट घेतला गेला नाही अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे ‘शॅल’ बंधनकारक नाही. सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. आता कलम 124 बघा. न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरन्यायाधीश ‘शॅल ऑल्वेज बी कन्सल्टेड’. मध्ये एक ‘ऑल्वेज’ वाढलं, बाकी तेच. 1981 च्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की सल्ला म्हणजे संमती नव्हे. 1993 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ते फिरवलं आणि शेवटचा शब्द सरन्यायाधीशांचा, म्हणजे न्यायसंस्थेचा, असा अर्थ लावला. तेच मोडल, तीच कर्मणी रचना. एका जागी नाममात्र, दुसऱ्या जागी अख्ख्या न्यायव्यवस्थेचा कणा. निर्णय बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. पण सल्ला घेणारा राष्ट्रपती की सरकार, आणि तो त्या सल्ल्याने किती बांधील, हे सगळं ‘बी कन्सल्टेड’ने मोकळं ठेवलं नसतं तर हे भांडण उभं राहिलं नसतं, एवढं नक्की.

‘मे’चं प्रकरण थोडक्यात संपवतो. कलम 74 मध्ये मुळात एवढंच होतं की मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना साहाय्य करील आणि सल्ला देईल. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने ‘शॅल’ घालून राष्ट्रपतींना सल्ल्याला बांधलं. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने एक ‘मे’ दिलं, फेरविचाराला परत पाठवता येईल, आणि त्यापुढे लगेच पुन्हा ‘शॅल’, फेरविचारानंतरचा सल्ला मानावाच लागेल. एका देशाच्या राष्ट्रपतींचा हात किती मोकळा, हे या दोन चिमुकल्या क्रियापदांवर मोजता येतं. तसंच शिक्षणाचं. मुळात कलम 45 म्हणायचं की राज्यसंस्था दहा वर्षांत चौदा वर्षांखालच्या मुलांना मोफत सक्तीचं शिक्षण देण्यासाठी ‘शॅल एन्डेव्हर’. देणं होतं ते प्रयत्नाचं. प्रयत्न केला असं कुणीही म्हणू शकतं, माझे विद्यार्थी दर परीक्षेनंतर म्हणतात. 2002 मध्ये 21-अ आलं, ‘द स्टेट शॅल प्रोव्हाइड’. प्रयत्न गेला, कर्ता राहिला. आणि पुढच्याच शब्दांत ‘मे’ने दार किलकिलं ठेवलं, राज्यसंस्था कायद्याने ठरवील त्या रीतीने.

आता कलम 17 वर येतो. मसुद्यात ते कलम 11 होतं आणि 29 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत आलं. नझिरुद्दीन अहमद या सभासदांनी पर्यायी वाक्य सुचवलं. त्याचा आशय असा की धर्म किंवा जात यांवरून कुणालाही अस्पृश्य म्हणून वागवलं जाऊ नये, आणि असं आचरण कायद्याने दंडनीय ‘मे बी मेड’. करता येईल. वाक्य सभ्य आहे, कदाचित मसुद्यापेक्षा जास्त नेटकं. आंबेडकरांनी ते स्वीकारलं नाही आणि सभेने फेटाळलं. फरक कुठे आहे ते क्रियापदांत बघा. सुचवलेल्या वाक्यात ‘शॅल’ होतं, पण ते ‘वागवलं’वर होतं. म्हणजे अस्पृश्यता राहते, तिच्यावरून वागवायचं नाही. आणि शिक्षा ‘मे’वर टांगलेली. मसुद्याच्या पहिल्या वाक्यात ‘शॅल’ नव्हतंच. ‘इज ॲबॉलिश्ड’. नष्ट झाली. पुढे, आचरण ‘इज फर्बिडन’. मग कुठे ‘शॅल’, तेही गुन्ह्यावर, ‘शॅल बी ॲन ऑफेन्स’.

‘इज ॲबॉलिश्ड’ ही कर्मणी रचना साधी नाही. जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने 1955 साली हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स यांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेत, म्हणजे आजच्यासारख्याच एका स्मृतिव्याख्यानमालेत, सांगितलं की काही वाक्यं बातमी देत नाहीत, ती उच्चारली की काम होतं. ‘मी वचन देतो’ म्हटलं की वचन दिलं गेलं. त्यांनी दाखवून दिलं की अशी वाक्यं कर्मणीतही असतात, रेल्वेच्या ताकिदींसारखी, आणि खूण सांगितली: ‘हिअरबाय’ घालता आलं की समजा हे वाक्य काम करतंय. ‘अनटचेबिलिटी इज हिअरबाय ॲबॉलिश्ड’. चपखल बसतं. हे वाक्य मंजूर होण्याच्या क्षणी काहीतरी करत होतं. मराठी प्रतीतलं ‘नष्ट करण्यात आली आहे’ मला म्हणून थोडं खटकतं. ‘आली आहे’ने घटना जरा मागे गेल्यासारखी वाटते, कुणीतरी आधीच उरकली आणि आता आपल्याला कळवत आहेत.

गेल्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात मी हेच कलम देऊन सरांचा जुना स्वाध्याय दिला, चेंज द व्हॉइस. बहुतेकांनी ‘द स्टेट ॲबॉलिशेस’ लिहिलं. दिवसा पोस्टात काम करून संध्याकाळी शिकायला येणारी एक मुलगी घटनेची प्रत घेऊन पानं मागे मागे उलटत होती. तिने लिहिलं, ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया, हिअरबाय ॲबॉलिश’. कर्ता तिला उद्देशिकेत सापडला होता, ‘हिअरबाय’सकट. मी खूश झालो. मग तिने वही पुढे सरकवली. दुसरा भाग होता, ‘इट्स प्रॅक्टिस’, तिचं आचरण, निषिद्ध. ती म्हणाली, “सर, निषिद्ध करणारे आपण, ते झालं. पण आचरणाचाही कर्ता असेल ना?” तिने ते नाम मोडून क्रियापद केलं होतं, ‘प्रॅक्टिस’, आणि त्याच्या आधी दीड इंच जागा सोडली होती. खाली पेनाने रेघ.

“इथे समवन लिहू का, सर?”

मला लाल रेघ आठवली, आणि सरांचा प्रश्नही. पण चोर सापडलेला नाही, असं काही मला तिला सांगता येईना.